घरातला वायफायचा डबा आणि त्याची किल्ली

आसगावहून आम्ही बोलतो आहोत. आसगाव म्हणजे भंडारा जिल्हा, पवनी तालुका, आपला चौरासचा धानाचा पट्टा. आमच्या महिला बचत गटांचं काम आम्ही पाहतो. मागच्या वेळी आपण कर्जफेडीच्या नोंदींवर बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण पैशाशी त्याचा संबंध आहेच. ज्या घरी वायफाय आलं आहे त्या घरी भिंतीवर एक लहानसा डबा लुकलुकत असतो. त्याला राउटर म्हणतात. आज त्याच डब्याबद्दल.

आपण या डब्याकडे कधी बघतो? हिरवा दिवा लाल झाला की. तेव्हा एकच उपाय ठाऊक, बटण बंद करा आणि परत चालू करा. गेल्या वर्षीपर्यंत आमचंही तेवढंच ज्ञान होतं.

आमच्या एका गटाच्या अध्यक्ष काकूंच्या ओसरीवर गटाची बैठक भरते. त्यांच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे. गटाचा ऑनलाइन हिशोब, तांदूळ आणि मिरचीच्या ऑर्डरी, बँकेची कामं, पोरींचे परीक्षेचे अर्ज, सगळं त्यांच्याच वायफायवर चालतं. एका बैठकीत सचिवताईंनी गटाच्या खात्याची शिल्लक पाहायला मोबाइलवर बँकेचं पान उघडलं. बँकेचं नाव बरोबर, चित्रही बरोबर. पण आधी एक धोक्याची सूचना आली. ती घाईत बाजूला सारली गेली आणि मग पान म्हणालं, कार्डाचा नंबर टाका, पिन टाका.

ताईंनी कार्ड काढलंच होतं. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "थांब वो. पिन कोणी मागत नाही असं तूच तर शिकवलंस ना आम्हाले?" आजींना वाचता येत नाही, सही तेवढी येते. पण त्यांच्या त्या वाक्यानं गटाची चार वर्षांची बचत वाचली.

आम्हाला वाटलं, मोबाइलमध्ये काही शिरलं असेल. दुसऱ्या बाईच्या मोबाइलवर पाहिलं, तेच पान. तिसरीच्या मोबाइलवरही तेच. मग वायफाय बंद करून सिमच्या नेटवर पाहिलं, तर बँकेचं खरं पान उघडलं. म्हणजे खोट मोबाइलमध्ये नव्हती, डब्यात होती.

हे कसं होतं ते समजून घेऊ. समजा, पवनीला एखादीच्या घरी जायचं आहे. नाव माहीत आहे, घर माहीत नाही. आपण बसस्टँडवर उतरतो आणि कोणाला तरी विचारतो. इंटरनेटवरही असंच असतं. आपण बँकेचं नाव लिहितो, आणि ती बँक नेमक्या कोणत्या पत्त्यावर आहे हे सांगणारा एक वाटाड्या असतो. त्याला डीएनएस म्हणतात. कोणत्या वाटाड्याला विचारायचं हे आपला राउटर ठरवतो. आमच्या डब्यात कोणीतरी शिरून वाटाड्याच बदलला होता. नवा वाटाड्या आम्हाला चोराच्या दारात नेऊन उभं करत होता.

आणि शिरणं अवघड नव्हतंच. डब्याच्या आतल्या सेटिंगचं नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. कारखान्यातून जसा आला तसाच पाच वर्षं राहिला. घराला कुलूप लावलं आणि किल्ली कुलपातच ठेवली, त्यातला प्रकार.

हे फक्त खेड्यातच होतं असं समजू नका. २०१८ च्या मे महिन्यात 'व्हीपीएनफिल्टर' नावाचा एक घातक प्रोग्राम सापडला. तो ५४ देशांतल्या किमान ५ लाख राउटरांमध्ये आणि तशाच उपकरणांमध्ये शिरला होता. अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना सांगावं लागलं की आपापले राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. कितीतरी लोकांना आपला डबा बिघडला आहे याची कल्पनाही नव्हती. डब्याला पडदा नसतो, आवाज नसतो. तो आजारी पडला तरी सांगत नाही.

मग आम्ही शोधायला लागलो की डब्याच्या आत काय असतं. डबा म्हणजे एक छोटा संगणकच. त्याच्या आत जो प्रोग्राम बसवलेला असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. त्यात चुका सापडत राहतात. कंपनीनं त्या दुरुस्त करून नवं फर्मवेअर द्यायचं असतं. पण नवं मॉडेल बाजारात आलं की जुन्याकडे फारसं कोणी पाहत नाही. आमच्या डब्यासाठी शेवटची दुरुस्ती कधीची होती ते पाहिलं, तर त्यालाही तीन वर्षं उलटली होती. डबा चांगला चालत होता, दिवे लागत होते, पण आत भोकं पडली होती.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी भंडाऱ्याला डिप्लोमा करते. तिनं सांगितलं की कंपनीचं फर्मवेअर काढून त्या जागी मुक्त फर्मवेअर घालता येतं. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे 'ओपनडब्ल्यूआरटी'. फुकट मिळतं, आणि अनेक जुन्या डब्यांनाही नव्या दुरुस्त्या देतं.

फुकट म्हटल्यावर काकूंचा पहिला प्रश्न आला, "फुकट देणाऱ्याचा काय फायदा?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून मुक्त म्हणजे काय ते सांगतो.

आपल्या गटाचं दप्तर घ्या. बचतीची नोंद, कर्जाची नोंद, रोकड वही. बैठकीत कोणतीही बाई म्हणू शकते, वही दाखवा. उघडून वाचू शकते, चूक दाखवू शकते. म्हणून गटावर विश्वास बसतो. आता समजा, एखादा सावकार म्हणाला की माझी वही कुलपात राहील, तुम्ही फक्त अंगठा द्या. तर? मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे उघडं दप्तर. आतला मजकूर कोणीही वाचू शकतं, सुधारू शकतं, दुसऱ्याला देऊ शकतं. आपल्याला तो वाचता येत नसला तरी जगभरचे जाणकार वाचत असतात. आजींना वही वाचता येत नाही, पण वही उघडी आहे म्हणून दुसरी कोणीतरी वाचते, तसंच.

याची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. २००२ च्या डिसेंबरात 'लिंकसिस' कंपनीनं 'डब्ल्यूआरटी ५४ जी' नावाचा घरगुती राउटर बाजारात आणला. २००३ मध्ये काही जाणकारांनी पाहिलं की त्याच्या आत 'लिनक्स' हे मुक्त सॉफ्टवेअर वापरलं आहे. त्या सॉफ्टवेअरची अट अशी की वापरा, बदला, पण ज्यांना ते विकाल त्यांना आतला मजकूरही द्या. लोकांनी मागणी लावून धरली आणि कंपनीनं तो मजकूर खुला केला. त्याच्या आधारानं २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातली 'डब्ल्यूआरटी' ही अक्षरं त्या डब्याच्या नावातूनच आली आहेत.

आणि आपल्यासारखीच गंमत पुढे झाली. २०१६ मध्ये काम करणाऱ्यांत मतभेद झाले, काही जणांनी वेगळं होऊन 'लीड' नावानं काम सुरू केलं. २०१८ मध्ये दोघे परत एक झाले. गट फुटणं, परत एक होणं हे आपल्याला काही नवं नाही. २०२४ मध्ये त्यांनी 'ओपनडब्ल्यूआरटी वन' नावाचा स्वतःचा राउटरही काढला. म्हणजे वीस वर्षं हे काम लोकांच्या सहभागावर टिकून आहे.

आता आमची फजिती सांगतो, कारण तुम्ही ती करू नये.

सचिवताईंच्या घरी एक जुना राउटर पडून होता. पोरीनं म्हटलं, आधी यावर करून बघू. रोवणीचे दिवस होते, बाया बांधीतून चिखलाच्या पायानं आल्या आणि गोल करून बसल्या. पोरीनं फाइल टाकली, बटण दाबलं. पडद्यावर लिहून आलं की काम सुरू आहे, वीज बंद करू नका. आणि दोन मिनिटांत लाइन गेली. पावसाळ्यात आपल्याकडे लाइन कशी जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. परत आली तेव्हा डबा मेला होता. एकही दिवा लागेना.

पोरगी रडायला लागली. तिची आई आमच्याकडे बघेना. दुसऱ्याच्या घरची वस्तू, गटाच्या नावानं मागितलेली. एक दोन बायांनी बोलूनही दाखवलं की नसती उठाठेव केली. तेव्हा आजीच म्हणाल्या, "पहिली ओळ वाकडी लागली म्हणून कोणी परहा फेकून देते का? दुसरी सरळ लाव."

पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय रीतसर घेतला. उशिरा येणाऱ्या बाईकडून गट १० रुपये दंड घेतो, त्याचे पैसे साठले होते. त्यातून सचिवताईंच्या डब्याची भरपाई केली आणि नागपूरहून एक वापरलेला राउटर ११०० रुपयांना आणला. ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. मागच्या वेळी कोणाचीच सही नव्हती, म्हणून दोष एकट्या पोरीवर आला. या वेळी जबाबदारी सगळ्यांची होती.

दुसऱ्यांदा कसं केलं ते क्रमानं सांगतो. वही पेन घ्या.

पहिलं, कंपनीचा डबा आणि आपला डबा यातला फरक ओळखा. फायबरची बारीक तार ज्या डब्यात येते तो बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीच्या मालकीचा असतो. त्याचं फर्मवेअर अजिबात बदलायचं नाही. आपण विकत घेतलेला दुसरा राउटर त्याला तारेनं जोडायचा आणि जो काही बदल करायचा तो आपल्या राउटरमध्ये करायचा. मग कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद ठेवायचं आणि त्याचाही पासवर्ड बदलायचा. नाहीतर पुढचं दार लावलं आणि मागचं उघडं, असं होईल.

दुसरं, राउटर उलटा करून चिठ्ठी वाचा. मॉडेलचं नाव आणि त्यापुढे 'व्ही' लावून आकडा असतो. हा आकडा फार महत्त्वाचा. नाव एकच असलं तरी 'व्ही २' आणि 'व्ही ३' आतून वेगळे असू शकतात. ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या राउटरांची यादी आहे, तिथे नाव आणि आकडा दोन्ही जुळले तरच पुढे जा. आत निदान ८ एमबी साठवण आणि ६४ एमबी मेमरी हवी, १६ आणि १२८ असेल तर उत्तम. स्वस्तातले बरेच जुने डबे ४ आणि ३२ चे असतात, त्यात नवं फर्मवेअर मावत नाही. त्यांच्या नादी लागू नका.

तिसरं, फाइल फक्त ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली घेऊ नका. कंपनीचं फर्मवेअर काढून पहिल्यांदा घालताना लागते ती 'फॅक्टरी' नावाची फाइल, आणि नंतर नवी आवृत्ती घालताना 'सिसअपग्रेड' नावाची. काही डब्यांची रीत वेगळी असते, म्हणून त्या डब्याचं पान आधी पूर्ण वाचायचं. फाइलबरोबर अंक आणि अक्षरांची एक लांब ओळ दिलेली असते, ती जुळवून पाहायची. धान्य मोजून घेतो तसं.

चौथं, घालताना लॅपटॉप तारेनं जोडा, वायफायनं नाही. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी जा. आकाशात गडगडाट असेल त्या दिवशी हे काम काढूच नका. बटण दाबल्यावर पाच मिनिटं कोणी हात लावायचा नाही.

पाचवं, झाल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाका. नाव 'रूट', आणि सुरुवातीला पासवर्ड नसतो, तो लगेच घाला. वायफाय बहुतेक डब्यांत बंदच असतं, ते आपण सुरू करायचं. आमचे डोळे इथंही पांढरे झाले होते, वाटलं परत डबा मेला. वायफाय सुरू करताना देश म्हणून भारत निवडा आणि कुलूप 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' चं लावा. कंपनीच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर दोघांची टक्कर होते, म्हणून आपल्या डब्याचा बदलून १९२.१६८.२.१ करा. सेटिंगची पानं मराठीत करण्याचीही सोय आहे, काही शब्द मात्र इंग्रजीच राहतात.

एक सावधगिरी. असं केल्यावर राउटरची वॉरंटी सहसा जाते. म्हणून नव्या कोऱ्या, वॉरंटीतल्या डब्यावर पहिला प्रयोग नको. आणि ज्याच्या मालकीचा डबा आहे त्याला विचारल्याशिवाय नकोच.

आता मिळालं काय ते सांगतो.

बदललेला वाटाड्या गेला. आता कोणाला पत्ता विचारायचा ते आम्ही ठरवतो. नवी आवृत्ती आली की पोरगी सुट्टीत येऊन घालते. ती बाहेर शिकायला गेली तर कोण, म्हणून तिनं आणखी दोघींना शिकवलं आहे. त्यातली एक आमची सचिवताई.

वायफायला कोण कोण जोडलेलं आहे ते एका पानावर दिसतं. पहिल्या दिवशी पाहिलं तर एकोणीस उपकरणं! घरातली पाच. बाकी गल्लीतले पोट्टे आणि पाहुणे येऊन गेलेले. आता पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं आहे. त्यावर इंटरनेट चालतं, पण गटाचा लॅपटॉप आणि प्रिंटर त्यांना दिसत नाहीत. हे जमवायला दोन संध्याकाळी लागल्या, सोपं नव्हतं.

तिसरा फायदा आपल्याला लगेच कळेल. गोसेखुर्दच्या कालव्याचं पाणी आलं की वरच्या अंगाचा शेतकरी भरभरून घेतो आणि शेवटच्या बांधीला थेंब पोचत नाही. वायफायचंही तेच. एकानं सिनेमा लावला की दुसरीचा अर्ज अडकतो. ओपनडब्ल्यूआरटीत 'एसक्यूएम' नावाची सोय आहे. ती पाटकऱ्यासारखी पाळीपाळीनं सगळ्यांना पाणी सोडते. आपल्या नेटचा वेग मोजायचा आणि त्याच्या साधारण ९० टक्के आकडा तिथे भरायचा. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या तीन पोरी एकाच वेळी बसल्या होत्या आणि आत घरात टीव्हीवर मालिका सुरू होती. तिघींचे अर्ज गेले.

मैत्रिणींनो, घरगुती डब्यातून लोकांनी याहून मोठी कामं केली आहेत. हिमाचलातल्या धरमशाला इथे २००५ च्या सुमाराला 'एअरजल्दी'च्या मंडळींनी साधे घरगुती राउटर आणि मुक्त फर्मवेअर वापरून डोंगरातल्या शाळा, दवाखाने आणि संस्था एकमेकींना जोडल्या. तिथे माकडं अँटेनांना लोंबकळायची, त्याचाही बंदोबस्त करावा लागला. आपल्या महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पानं पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या मोकळ्या पडलेल्या लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखवलं. २०१७ मध्ये 'मोझिला'च्या स्पर्धेत या प्रकल्पाला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. सरबनी बॅनर्जी बेलूर या बाई त्या कामात पुढे होत्या. त्यांचं तंत्र वेगळं, आपला डबा वेगळा. पण गावानं आपल्या जोडणीची किल्ली आपल्याकडे ठेवावी, हे दोन्हीकडे सारखंच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना डिप्लोमावाली पोरगी, ना इन्व्हर्टर. फर्मवेअर बदललं नाही तरी चालेल. पण गटाची जशी पंचसूत्री असते तशी डब्याची पंचसूत्री तरी पाळा. एक, डब्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड आजच बदला. दोन, वायफायचा पासवर्ड निदान बारा अक्षरांचा ठेवा आणि गावभर वाटू नका. तीन, सहा महिन्यांतून एकदा कंपनीची नवी दुरुस्ती आली का ते पाहा, आणि दुरुस्त्या येणं कायमचं थांबलं असेल तर डबा किंवा त्याचं फर्मवेअर बदलायचा विचार करा. चार, कोण कोण जोडलेलं आहे ते महिन्यातून एकदा पाहा. पाच, पासवर्ड एका कागदावर लिहून गटाच्या पेटीत, दप्तरासोबत ठेवा. आमच्याकडे पेटीच्या किल्ल्या दोघींकडे असतात, तिथेच हा कागद आहे.

आणि एक लक्षात ठेवा. डबा कितीही पक्का केला तरी फोनवर कोणाला ओटीपी सांगितला तर डबा काही करू शकत नाही. आमचे पैसे ओपनडब्ल्यूआरटीनं वाचवले नाहीत, ते नंतर आलं. पैसे आजींनी वाचवले. ब्राउझर धोक्याची सूचना देत असेल तर ती बाजूला सारू नका, पुढे जाऊच नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत एकच काम करा. ज्यांच्या घरी वायफाय आहे त्यांनी डबा उलटा करून चिठ्ठीवरचं नाव आणि आकडा कागदावर लिहून आणा. सगळ्यांचे कागद एकत्र ठेवून बघा, कोणाचा डबा किती जुना, कोणाचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच. मग ठराव करा, सह्या करा आणि कामाला लागा. आमच्या आजींनी मागच्या बैठकीत विचारलं, "त्या डब्याची किल्ली आता कोणाकडं हाय?" आम्ही सांगितलं, आजी, आपल्या पेटीत.

पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत नमस्कार.